सत्तेचाळीस एच, चौदा

रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची पहिली एसटी.
मांडीवर नकाशा, घडीवर घडी,
आणि दोन घड्या जिथं एकमेकींना छेदतात
तिथं कागद झिजून भोक पडलेलं.
एक अख्खा धनगरवाडा त्यातून गळून गेला.
"मोजून बघ," दस्तगीर म्हणायचा,
"पाचशे मीटरचं भोक आहे."

दस्तगीर नायकवडी. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन.
फोर-एच पेन्सिल, आणि अक्षर असं
की कागदाला कळू नये आपल्यावर कुणी लिहिलंय.
'पाणी, फेब्रुवारीपर्यंत.'
'कुत्रा चावरा. मालक नाही.'
'इथून कोकण दिसतं, दिसलं तर.'
आणि एका सोंडेवर नुसती फुली,
शेजारी एकच शब्द: 'भाकरी.'

मी उद्यमनगरात पॅटर्नमेकर.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं
म्हणून लाकूड शंभराला एक मोठं ठेवायचं,
एवढंच माझं ज्ञान.
डोंगर आकसून कागद झाला असेल,
असं मी एकदा म्हणालो.
"आणि शंभराला एक कोण खाल्लं?" दस्तगीरनं विचारलं.

यंदा त्याचे दोन्ही गुडघे नवे आहेत.
ते घरात चालतात.
शिरीननं माझ्या फोनात सगळं भरून दिलं,
बापाची एकेक नोंद, एकेक टाचणी,
कुत्रासुद्धा, जो मरून पंधरा वर्षं झाली असतील.
"काका, रेंज नसली तरी चालतंय.
फक्त बॅटरी सांभाळा."

निळा ठिपका.
मी थांबलो की थांबतो.
मी चुकलो की माझ्याबरोबर चुकतो,
फरक एवढाच की त्याला ते ठाऊक असतं.
कागदाला कधीच माहीत नव्हतं मी कुठं आहे.
समोरचा सुळका धर, डावीकडची खिंड धर,
होकायंत्र पोटाशी धर,
मग अर्धा तास भांडण,
आणि भांडणाच्या शेवटी जी जागा उरेल
ती आपली.

या खेपेला भांडायला कुणी नव्हतं.
मी सरळ फुलीवर पोचलो.

तिथं काही नव्हतं.
पुरुषभर कारवी, आणि पुढं कडा.
भाकरी सोडाच, दोन माणसांना
उभं राहून तंबाखू मळायला जागा नाही.
फोन म्हणतो, पोचलात.
मी इकडं बघतो, तिकडं बघतो,
आणि घळीच्या पलीकडं
जांभळाखाली सपाट कातळ, चुलीचे तीन दगड.
आठशे मीटर.

सगूबाई झोरे गवताचा भारा टेकवून म्हणाली,
"हितंच की. हितंच बसलासा तवा.
त्ये उंच पावनं न्हाई आलं व्हय?"

म्हणजे तेवीस वर्षं
आम्ही भलत्याच सोंडेवर जेवत होतो.
दर दिवाळीनंतर त्या फुलीवर बोट ठेवून
हितं, हितं, असं एकमेकांना सांगत होतो.

बॅटरी अकरा टक्के.
कातळावर बसून डबा उघडला,
खरी जागा टाचणीनं पक्की केली,
आणि परतीच्या एसटीत उगाच भीती वाटत राहिली
जसा काही मीच त्याचं काही मोडून आलोय.

रविवारी त्याच्या घरी गेलो.
त्यानं नकाशा पलंगावर पसरला,
चष्मा बदलला, फोन जवळ धरला, लांब धरला.
"आठशे?"
"आठशे."
"धुकं होतं रं त्या दिवशी."
"होतं."
खोडरबर हातात घेतलं.
त्याच्या कोपऱ्यानं फुलीशेजारची धूळ तेवढी झटकली,
आणि परत डबीत टाकलं.

"कागद पातळ झालाय," तो म्हणाला.
"खोडलं तर आणखी एक भोक पडंल.
तू असं कर,
फोनातली हलव."